शहराच्या घरांसाठी सरकार जमीन कशी आणि केव्हा खुली करतं

प्रश्न असा आहे: येत्या पाच वर्षांत घरांसाठी इतकी हेक्टर जमीन खुली करणार, असं सरकारं जाहीर करतात. हा आकडा ठरतो कसा? आणि एवढी जमीन खुली होऊनही घरं कमीच का पडतात, भाव का उतरत नाहीत?

नगररचनेच्या कामात माझी सगळी नोकरी गेली, आणि तिचा मोठा भाग अशाच कार्यक्रमांच्या आखणीत गेला. म्हणून जरा लांब उत्तर देतो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. हेक्टरचा आकडा म्हणजे घरांचा पुरवठा नव्हे. ज्यावर उद्या पाया खणता येईल असा भूखंड म्हणजे पुरवठा, आणि कच्च्या जमिनीचा असा भूखंड व्हायला दहा-दहा वर्षं सहज जातात. त्यामुळे हे काम बाजाराकडे बघून करायचं नसतं. तेजी असो वा मंदी, जमीन तयार करण्याचं काम एका गतीने चालू ठेवावं लागतं. भाव भडकले की घाई करायची आणि पडले की हात आखडता घ्यायचा, असं करणारं सरकार दोन्ही वेळा चुकतं.

आता गणित. मोजायची असतात ती कुटुंबं, माणसं नव्हे. कल्पनेतलं एक शहर घ्या: 20 लाख वस्ती, घरटी सरासरी 3.6 माणसं. म्हणजे 5 लाख 56 हजारांच्या आसपास घरं. समजा दहा वर्षांत वस्ती एका माणसानेही वाढली नाही, पण मुलं वेगळी राहू लागली, वयस्क माणसं एकेकटी राहिली आणि घरटी सरासरी 3.2 झाली. आता घरं लागतात 6 लाख 25 हजार. माणसं तेवढीच, घरं मात्र 69 हजार जास्त. शिवाय वस्ती वर्षाला दीड टक्क्याने वाढत असेल तर दहा वर्षांनी ती 23 लाख 20 हजारांवर जाते आणि नव्या घरांची गरज 1 लाख 70 हजारांवर पोचते. यात पाडली जाणारी मोडकी घरं मिळवायची. लोकांना घर बदलता यावं म्हणून काही घरं कायम रिकामी असावी लागतात, ती मिळवायची. आणि आज एकाच खोलीत दोन कुटुंबं राहतात, तो मागचा अनुशेषही मिळवायचा.

या गणितात एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. घरं महाग असली की तरुणांना वेगळं बिऱ्हाड करताच येत नाही. मग कुटुंबांची संख्या वाढलेली दिसत नाही. मागच्या दहा वर्षांचा कल पुढे ओढून अंदाज बांधला की गरज कमी निघते, म्हणून जमीन कमी खुली होते, म्हणून घरं आणखी महाग होतात. टंचाईच टंचाईचा पुरावा खाऊन टाकते. इंग्लंडमध्ये 2018 साली गरज मोजण्याची प्रमाणित पद्धत आली. तिच्यात कुटुंबसंख्येच्या अंदाजावर परवडण्याजोगेपणाची वाढ धरली जायची, म्हणजे जिथे घरांच्या किमती उत्पन्नाच्या मानाने जास्त तिथे लक्ष्यही जास्त. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी कुटुंबांचा अंदाजच बाजूला ठेवला. आता अस्तित्वात असलेल्या घरांच्या 0.8 टक्के हा पाया धरतात आणि त्यावर परवडण्याची वाढ लावतात. पद्धत जरा ढोबळ आहे, पण हा सापळा तरी टळतो. मला ती योग्य वाटते.

गरज ठरली की जमिनीचा हिशेब. इथे वर्तमानपत्रातला आकडा आणि प्रत्यक्ष यांच्यात सर्वांत मोठी फट पडते. 100 हेक्टरचा एक पट्टा नकाशावर हातात आला असं समजा. नाल्याची पूररेषा, तीव्र उतार, वरून जाणारी उच्च दाबाची वीजवाहिनी, जुनी झाडी यात 15 हेक्टर सहज जातात. उरले 85. रस्त्यांना वीस-बावीस. बागा, मैदानं, शाळा, दवाखाना, बाजार, पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र यांना मिळून आणखी पंधराएक. निव्वळ घरांना उरतात 48 हेक्टरच्या आसपास. हेक्टरी 40 घरं धरली तर झाली 1920. म्हणजे वरच्या शहराची सगळी गरज बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर भागवायची म्हटली तर असे जवळजवळ नव्वद पट्टे लागतील. हेक्टरी 80 घरं बसवली तर निम्मे. (पूर्ण निम्मे नाहीत, कारण माणसं वाढली की शाळा आणि मैदानंही वाढवावी लागतात. तेवढी जागा कापली जातेच.) किती दाट बांधायचं हा निर्णय म्हणूनच किती जमीन खुली करायची याच्या आधीचा आहे. तो टाळून नुसती हेक्टरवर चर्चा झाली की ती भरकटते.

आणि बाहेरची जमीन हा एकच मार्ग नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा राजधानी प्रदेशाच्या 2018 च्या नियोजन धोरणात नवी घरं 70 टक्क्यांपर्यंत सध्याच्या शहराच्या आतच व्हावीत असं ठरवलं आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडने 2016 च्या एकत्रित आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षांत बांधकाम परवाने चांगलेच वाढले. त्यासाठी सरकारला एक एकरही विकावा लागला नाही. रस्ते, वाहिन्या आधीच असलेल्या भागात नियम सैल करणं हीसुद्धा जमीन खुली करण्याचीच रीत आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त.

पण शहराबाहेरची जमीन खुली करायची असेल तर ती पायऱ्यापायऱ्यांनी तयार होते. पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलेली, मग झोन बदलून निवासी झालेली, मग मुख्य जलवाहिनी आणि मलवाहिनी पोचलेली, मग रेखांकन मंजूर झालेली आणि शेवटी मोजणी होऊन भूखंड पडलेली. चांगल्या कार्यक्रमात प्रत्येक पायरीवर किती घरांची जमीन आहे याचा वेगळा हिशेब असतो, कारण वरच्या पायरीवरून भूखंड उचलले की खालून तितकीच जमीन पुढे सरकायला हवी. अमेरिकेत ओरेगन राज्याच्या कायद्याने पोर्टलंडभोवतीच्या वाढ-सीमेच्या (शहर जिथपर्यंतच पसरू द्यायचं, ती हद्द) आत 20 वर्षं पुरेल इतकी जमीन ठेवावी लागते आणि दर सहा वर्षांनी ती तपासावी लागते. इंग्लंडमध्ये स्थानिक प्राधिकरणाला पुढच्या पाच वर्षांत खरोखर घरं होतील अशा जागा दाखवाव्या लागतात. दाखवता आल्या नाहीत तर बांधकाम परवानगीच्या बाजूने झुकतं माप दिलं जातं, आणि आराखड्यात नसलेल्या जागेवरही परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. ही धास्ती फार कामाची आहे. तिच्यामुळे कागदावरची, घरं कधीच न होणारी जमीन यादीत घुसडणं अवघड जातं.

या पायऱ्यांतली सर्वांत अवघड पायरी सांडपाण्याची. रस्त्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं. गटाराचं कोणी विचारत नाही आणि नेमकं तेच कार्यक्रमाचा क्रम ठरवतं. पिण्याचं पाणी पंपाने कुठेही चढवता येतं. मैलापाणी शक्य तोवर उताराने न्यायचं असतं. म्हणून जमीन खुली करण्याचा क्रम मालकीच्या किंवा तालुक्याच्या हद्दीने लावायचा नसतो, पाणलोटाने लावायचा असतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र जिथे, म्हणजे सखल टोकाला, तिथून सुरुवात करून वर सरकत जायचं. वरच्या अंगाच्या जमीनमालकाचा जोर जास्त म्हणून त्याची जमीन आधी खुली केली, तर चारशे घरांसाठी कित्येक किलोमीटरची मुख्य मलवाहिनी पूर्ण टाकावी लागते. तिचा व्यास पुढच्या चाळीस हजार घरांच्या हिशेबाने ठेवलेला असतो. आत पाणी थोडं, त्यामुळे वेग कमी. मलवाहिनी आपोआप स्वच्छ राहायला सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेग लागतो. तो मिळाला नाही की गाळ तळाशी बसतो, कुजतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि काँक्रीटच्या नळाचा माथा आतून खाल्ला जातो. नळ अजून नवा असतानाच दुरुस्ती निघते आणि तो खर्च त्या चारशे घरांच्या भूखंडांतून कधीच वसूल होत नाही. म्हणून एखाद्या कार्यक्रमाचा नकाशा समोर आला की मी आधी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, बघतो.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण पोर्टलंडजवळच्या डमॅस्कसचं. 2002 साली वाढ-सीमा या भागापर्यंत वाढवली गेली आणि हजारो एकर जमीन कायद्याच्या भाषेत विकासाला खुली झाली. चढउताराची जमीन, ना मलवाहिन्या ना मोठे रस्ते, आणि ते कोणाच्या पैशाने करायचे यावर एकमत नाही. रहिवाशांनी 2004 मध्ये स्वतःचं शहर स्थापन केलं, पण विकास आराखड्यावर मतदार आणि नगर परिषद यांचं जमलं नाही. 2016 मध्ये लोकांनी मतदान करून शहरच विसर्जित केलं. पुरवठ्याच्या तक्त्यात ती जमीन वर्षानुवर्षं दिसत राहिली. ज्या मोठ्या वस्तीसाठी ती घेतली होती, ती वस्ती काही उभी राहिली नाही.

जमीन मुळात कोणाची, यावर सरकारच्या हातात काय आहे ते ठरतं. कॅनबेरात जमीन सरकारी. तिथे घराखालची जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण करण्याची अट पट्ट्यातच असायची. म्हणून तिथे दरवर्षी पुढच्या काही वर्षांचा कार्यक्रम जाहीर करता येतो: कोणत्या उपनगरात किती घरांची जमीन, कोणत्या वर्षी, आणि ती लिलावाने, निविदेने की सोडतीने. पहिल्या वर्षाचे आकडे बऱ्यापैकी पक्के, पुढचे सूचक, आणि दरवर्षी फेरआढावा. सिंगापूरने 1966 च्या भूसंपादन कायद्याने मोठ्या प्रमाणावर जमीन ताब्यात घेतली आणि गृहनिर्माण मंडळाची घरं त्यावर उभी केली. आज तिथले सुमारे 80 टक्के रहिवासी त्या घरांत राहतात. पण बहुतेक शहरांभोवतीची जमीन असंख्य छोट्या मालकांची असते. तिथे एकतर नुसता झोन बदलून वाट बघायची, नाहीतर संपादन करून वर्षानुवर्षं कोर्टात जायचं, नाहीतर भूखंडांची फेरमांडणी करायची.

हा तिसरा मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो. एका पट्ट्यातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, मैदानं आणि सरकारला विकता येतील असे काही भूखंड काढायचे, आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. क्षेत्र कमी होतं, किंमत वाढते आणि कोणी भूमिहीन होत नाही. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी 1902 मध्ये असा कायदा झाला, जपानने शहरंच्या शहरं या रीतीने वाढवली, आणि भारतात 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने टीपी स्कीम (नगररचना योजना) आणली. गुजरातने ती सर्वांत नेटाने वापरली. वेळ लागतो, हे खरं. पण संपादनाच्या दाव्यांत जाणाऱ्या वेळापेक्षा तो क्वचितच जास्त असतो.

आता सुरुवातीला म्हटलं त्या वेळेच्या प्रश्नाकडे येतो. यासाठी हाँगकाँगचा इतिहास प्रत्येक नगररचनाकाराने नीट वाचावा असं माझं मत आहे.

तिथे जमीन सरकारची आणि विक्री भाडेपट्ट्याने. 1984 च्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणेच्या परिशिष्टात नव्या जमिनीच्या विक्रीवर वर्षाला 50 हेक्टरची मर्यादा घातली होती, सार्वजनिक भाड्याच्या घरांची जमीन वगळून. 1997 मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं तेव्हा भाव शिखरावर होते. मुख्य कार्यकारी तुंग ची-ह्वा यांनी वर्षाला किमान 85 हजार घरांचं लक्ष्य जाहीर केलं. त्याच सुमाराला आशियाई आर्थिक संकट आलं. 2003 पर्यंत घरांचे भाव शिखरापासून 60 टक्क्यांहून जास्त घसरले आणि असंख्य लोकांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. नोव्हेंबर 2002 मध्ये सरकारने नऊ उपाय जाहीर केले, त्यांत हे दोन: जमिनींचे लिलाव 2003 अखेरपर्यंत बंद, सवलतीच्या मालकी घरांची योजनाही बंद. त्यानंतर अनेक वर्षं विक्री मुख्यतः अर्ज-यादीवर चालली. म्हणजे विकासकाने पुरेशी बोली देण्याची हमी दिली तरच भूखंड लिलावाला येणार. किती जमीन कधी यायची, हे बाजारातल्या मोजक्या मोठ्या विकासकांच्या हातात गेलं.

भाव 2003 नंतर पुन्हा चढू लागले. 2009 मध्ये वर्षभरात पूर्ण झालेली खासगी घरं 10 हजारांच्याही खाली होती. 2010 मध्ये सरकारने स्वतःहून भूखंड विकायला पुन्हा सुरुवात केली, 2013 मध्ये अर्ज-यादी रद्द केली. तोवर भाव 1997 चं शिखर ओलांडून गेले होते.

यातून लोक साधारणपणे लिलाव थांबवल्याचा दोष काढतात. मला तो अर्धाच पटतो. लिलाव हा नळ आहे, वर्षभर बंद ठेवला आणि मग उघडला तर फार बिघडत नाही. खरं नुकसान झालं ते नळामागची टाकी भरायचं थांबलं म्हणून. समुद्रात भराव घालणं, नव्या नगरांचे आराखडे, वाहिन्या, सगळंच त्या काळात मंदावलं. भाव वाढू लागल्यावर विकायला तयार जमीनच फारशी नव्हती, आणि ती तयार करायला पुढची दहा वर्षं लागणार होती. सिंगापूरने 2008 च्या जागतिक संकटात वेगळं केलं. त्यांच्या सहामाही कार्यक्रमात दोन याद्या असतात: पक्की यादी, जिच्यातले भूखंड ठरल्या तारखेला निविदेला येतातच, आणि राखीव यादी, जिच्यातला भूखंड विकासकाने किमान मान्य किंमत देऊ केली तर येतो. 2009 मध्ये पक्की यादी थांबवली, राखीव चालू ठेवली आणि 2010 मध्ये पक्की पुन्हा सुरू केली. विक्री मंदावली, पण भूखंड तयार करून ठेवण्याची शिस्त मोडली नाही. संकट आल्यावर यापेक्षा शहाणं काही करता येतं असं मला वाटत नाही.

सरकारला असं एका गतीने चालू देत नाही ती बहुतेक वेळा तिजोरी. जमीन विकून मिळणारा पैसा गोड असतो. चीनमध्ये स्थानिक सरकारांचा मोठा खर्च जमिनीच्या भाडेपट्ट्यांच्या विक्रीवर चालत आला, आणि 2021 मध्ये केंद्राने 22 मोठ्या शहरांना वर्षातून तीनच फेऱ्यांत जमीन विकायला सांगून भडकलेल्या बोलींना आवर घालायचा प्रयत्न केला. याच्या उलट टोकाला नेदरलँड्सच्या नगरपालिका. त्यांनी कर्ज काढून आगाऊ जमीन घेतली आणि 2008 नंतर घरांची मागणी आटल्यावर त्यांतल्या अनेकींना मोठा तोटा सोसावा लागला. मी यातून जमीन घेऊच नये असा निष्कर्ष काढत नाही. जमीनविक्रीचं उत्पन्न चालू खर्चाला वापरू नये, ते वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या वाहिन्या आणि रस्त्यांनाच लावावं, इतकाच काढतो. पगार ज्या पैशातून होतात तो पैसा कमी व्हावा, असं कुठल्याच वित्त विभागाला वाटणार नाही, आणि मग जास्तीत जास्त भावाला थोडी थोडी जमीन विकणं हेच धोरण बनून बसतं.

शेवटचा अडथळा भूखंड विकल्यानंतरचा. इंग्लंडमध्ये सर ऑलिव्हर लेटविन यांच्या समितीने 2018 मध्ये मोठ्या जागांवर बांधकाम इतकं संथ का चालतं ते तपासलं. कारण साधं निघालं: एका जागेवर एकाच प्रकारची घरं बांधणारा विकासक तितकीच घरं बाजारात आणतो जितकी सध्याच्या भावाला खपतील. भाव पाडून लवकर विकण्यात त्याचा फायदा नाही. म्हणून दोन हजार घरांचा पट्टा एकाला देण्यापेक्षा तो वेगवेगळ्या आकारांच्या तुकड्यांत, वेगवेगळ्या विकासकांना, भाड्याची, मालकीची, सवलतीची आणि स्वतः बांधायची घरं अशा मिश्रणात द्यावा. एकाच रस्त्यावर चार प्रकारची गिऱ्हाइकं असली की चारही बाजूंनी घरं भरतात. भाडेपट्ट्यात बांधकामाची मुदत आणि ती मोडल्यास दंड हवाच. मात्र मुदत कडक आणि भूखंड अवाढव्य, असं केलं की मुदतवाढीच्या अर्जांपलीकडे काही हाती लागत नाही.

मग भाव का उतरत नाहीत? अगदी उत्तम चाललेल्या शहरातही एका वर्षातली नवी घरं ही एकूण घरांच्या एक-दोन टक्के असतात. व्याजदर, उत्पन्न आणि अपेक्षा त्याहून लवकर हलतात. त्यामुळे एका वर्षाच्या कार्यक्रमाने भाव पडतील ही अपेक्षाच चुकीची. सलग दहा-पंधरा वर्षं गरजेइतकी घरं होत राहिली की परिणाम दिसतो, तोही बहुधा आधी भाड्यात, आणि भाव उत्पन्नापेक्षा सावकाश वाढण्याच्या रूपात.

तुमच्या शहराचा पुढचा कार्यक्रम जाहीर झाला की हेक्टर सोडून द्या आणि चार गोष्टी विचारा. जाहीर केलेल्या घरांपैकी किती घरांच्या जमिनीपर्यंत मलवाहिनी आज पोचली आहे? उरलेल्यांच्या वाहिनीची तरतूद कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे? या वर्षी विकल्या जाणाऱ्या भूखंडांच्या जागी पुढच्या दहा वर्षांसाठी कोणता पट्टा तयार होतो आहे? आणि पाच वर्षांपूर्वी जाहीर केलेल्या जमिनीवरच्या किती घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालं? चौथ्या प्रश्नाचा आकडा नगररचना विभागाकडे असतो. तो सहसा कोणी मागत नाही, म्हणून जाहीरही होत नाही. लेखी मागा.